दारावरची त्रेसष्ट कोपरं

१६ जून

माझ्या हातचं :
विळे. मोजले नाहीत. पहिला वाकडा झाला होता, तो अजून भिंतीवर आहे.
घराचं पुढचं दार. सागाच्या चार फळ्या. बिजागऱ्याही घरच्याच.
शाळेच्या झेंड्याचा खांब, वरच्या कप्पीसकट.
लेथ. भंगारातून आणलेला, पण तीन गिअर मी कापलेत. म्हणजे अर्धा माझा.
उलथणी ६३ (संक्रांतीचं वाण).
भाताची कोळपी २१४. दोन दातेरी शंकू, पुढं चिखलावर तरंगणारी होडी, मागं दांडा. परत आली ९. नऊच्या नऊ दुरुस्त करून दिली.

यादी करायचं कारण, निविदा निघाली आहे. कुठल्या ऑफिसची ते लिहीत नाही, वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. 'मनुष्यचलित कोनो वीडर, ६१२ नग.' तालुक्यातल्या भातवाल्या बायकांच्या गटांना वाटायला. कोनो वीडर म्हणजे आपलं कोळपंच. बाई वाकून तणाची बेणणी करते ती उभ्यानं करेल, एवढाच त्याचा अर्थ.

फॉर्मात 'पूर्वानुभव' म्हणून पाच ओळी. शिक्षणाला एक. तिथं 'नववी' लिहिलं. नापास नाही, सोडली. फरक आहे, पण रकाना एकच.

सुनंदानं यादी वाचली. म्हणाली, "यात संसार नाही लिहिलात." म्हटलं, तो एकट्याच्या हातचा नाही. हसली नाही, पण चहा ठेवला.

१८ जून

डिजिटल सही. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. चार वेळा पासवर्ड चुकला, पाचव्यांदा मी चुकलो नव्हतो, पोर्टल चुकलं होतं. छोटा उद्योग म्हणून बयाणा रक्कम माफ. तेवढं बरं आहे.

तीन लोक तरी भरणार असं ऐकतो. दोन शहराकडचे सप्लायर, ते काही बनवत नाहीत, आणतात. बनवणारा मी एकटा.

२० जून

'तांत्रिक पूर्तता' तक्ता. बावीस मुद्दे, प्रत्येकापुढं होय / नाही, मग शेरा.

सगळं मोजून भरलं. शंकूचा व्यास, दात्यांची संख्या, होडीची लांबी, पत्र्याची जाडी, वजन. वजन ताजव्यावर तीनदा घेतलं. ५ किलो ३४० ग्रॅम. त्यांची मर्यादा ६. होय.

मु. क्र. १७ पाशी थांबलो. 'मुठीची जमिनीपासून उंची ११०० मिमी, स्थिर, वेल्ड केलेली.'

अकराशे कुणासाठी? यंत्र बायकांच्या गटांना द्यायचं आणि मूठ त्यांच्या छातीला लावायची? हात वर उचलून दिवसभर चिखलात रेटायचं? एका दिवसात खांदे जातील. दुसऱ्या दिवशी यंत्र गोठ्यात जाईल आणि बाई परत वाकेल.

माझ्या दांड्याला पाच भोकं आहेत. ८२० पासून ९८० पर्यंत, चाळीस-चाळीसच्या अंतरानं. पिन काढायची, हवी त्या भोकात घालायची. हे मी मनानं ठरवलेलं नाही. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या संक्रांतीला सु.नं हळदीकुंकू केलं. मी तिला म्हटलं, बायकांच्या कोपराची उंची पाहिजे, पण मी कशी मोजणार? ती म्हणाली, माझ्यावर सोडा. आलेल्या प्रत्येकीला दाराला पाठ लावून उभी केली, कोपर दुमडायला लावलं, दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीची रेघ, शेजारी नावाचं पहिलं अक्षर. मग हळदीकुंकू, मग वाण. उलथणं पाहिजे तर कोपर द्या, असा तिचा कायदा. आमच्या रिहे गावातल्या आणि वरच्या वाडीतल्या मिळून त्रेसष्ट. वाडीतल्या हिराबाईलाही बोलावलं होतं. ती विधवा, पण कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर सु.नं उलथणं परत घेतलं असतं.

सर्वांत खालची रेघ ८४६. सर्वांत वरची १०१८, पोलीस पाटलाची सून. मूठ कोपराच्या दोन-तीन बोटं खाली पाहिजे. त्रेसष्टात एकही कोपर अकराशेला पोचत नाही.

मु. क्र. १७ पुढं लिहिलं : 'नाही.' शेरा : 'उंची ८२० ते ९८०, पाच टप्पे. अकराशे ठेवल्यास बाईचा खांदा दुखेल.'

बाकी एकवीस होय.

२४ जून

अपलोड झालं. पोचपावती छापून घेतली, दोन प्रती. दर नगाला २,०९० भरला. पाइप, पत्रा, बेअरिंग, रंग, मजुरी, वीज, माझा नफा. त्यात एक रुपया हवेतला नाही.

हि.बाई शेळ्या घेऊन खाली आली होती. अकरा वर्षं झाली, तिनं चालवून बघितल्याशिवाय माझं एकही नवं अवजार गावात गेलेलं नाही. पसंत पडलं तर काही बोलत नाही, नाही पडलं तर बांधावर टाकते. तिला सांगितलं, ६१२ चं काम आहे.
"येवढी कुनाला रं?"
"तुमालाच. सरकार देतंय."
"मंग मला न्हाई इचारलं सरकारनं."

८ जुलै

अपात्र.

मोबाइलवर दोन ओळी. 'तांत्रिक लिफाफा अपात्र. मु. क्र. १७ विनिर्देशाशी विसंगत.' दराचा लिफाफा उघडणारच नाहीत. दोन सप्लायर पात्र. दोघांचेही बावीसच्या बावीस होय.

दिवसभर शंकूंना दाते लावले. जेवायला हाक मारली ती ऐकू आली, पण

९ जुलै

ऑफिसात गेलो. टेबलावरचा कारकून, बरा माणूस आहे, खुर्ची दिली.
"काका, त्या रकान्यात 'होय' लिहायचं असतं. सगळे लिहितात."
"आणि माल?"
"माल नंतरचा प्रश्न."
"माझ्याकडं मालच आधी असतो."
"तुम्ही तर शेऱ्यात खांदा लिहिलाय. निविदेत खांदा कोण लिहितं?" असं म्हणून शेजारच्याला दाखवलं. दोघंही हसले. मी हसलो नाही. खांदा बरोबर लिहिला होता, काना-अनुस्वारासकट.

आतल्या मॅडम नव्या आहेत, शेतीच्या शिकलेल्या. त्यांनी कागद नीट वाचला. म्हणाल्या, हा तक्ता वरून आलाय, बहुतेक कुठल्यातरी माहितीपत्रकातला. आक्षेप घेता येतो. तीन दिवसांत, लेखी, आणि मोजमापाचा आधार जोडून.
"आधार म्हणजे?"
"तुम्ही म्हणता बायकांची उंची मोजलीय. ती नोंद कुठंय?"
"दारावर."
त्यांना वाटलं मी चिडून बोलतोय.

१० जुलै

दाराचा फोटो काढला. पेन्सिल पुसट, सागाच्या रेषा गडद, फोटोत काहीच दिसत नाही. उजेड फिरवून बघितला, ओला फडका मारून बघितला. नाही. वहीत आकडे उतरवलेत, पण वहीतले आकडे मीही घरी बसून लिहू शकतो, असं कुणी म्हटलं तर? मी स्वतः तसं म्हटलं असतं.

संध्याकाळी मेव्हणा आला, बाळासाहेब, माणचा. त्यांची जमीन कंपन्यांनी वेढली, आता सोळा खोल्या भाड्यानं. आला की नवीन बूट आणि जुना सल्ला.
"दाजी, किती दिवस लोखंड ठोकणार? रस्त्याकडंची शेड पाडा, चार खोल्या बांधा. भाडेकरूच्या कोपराची उंची मोजावी लागत न्हाई."
"भाडेकरू गेला की खोलीवर तुमचं नाव राहतं का?"
"नावाला काय चाटायचंय?"
सु. आतून म्हणाली, "दादा, चहा पी आणि गप्प बस." तिच्या भावाला ती एकटीच असं म्हणू शकते.

तो गेल्यावर तिला सांगितलं, उद्या दार न्यायचं.
"कुठलं?"
"हेच."
बिजागरीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "खिळे जपून ठेवा. परत लावताना शोधत बसाल."

११ जुलै

दार उतरवलं. बिजागऱ्यांच्या पिना तेल घालून काढल्या, एकही ठोकावी लागली नाही. सहा फूट दोन इंच बाय दोन फूट नऊ. गोधडीत गुंडाळून टेम्पोत. सु. बरोबर. म्हणाली, रेघा मी मारल्यात, मी सांगणार.

भुकूमला ट्रॅफिक. नव्या सोसायटीतून निघालेला एक गाडीवाला काच खाली करून, "अँटिक है क्या? बेचोगे?"
मी म्हटलं, "बेचना नहीं है। गवाही देने जा रहा है।"
काच वर.

ऑफिसात दार आत घ्यायला शिपाई तयार नव्हता. मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, घ्या आत. भिंतीला उभं केलं. सु.नं एकेक रेघ सांगितली. ही शाळेतली मावशी, ही मधल्या आळीची, ह्या दोघी जावा-जावा, एकाच उंचीच्या, म्हणून अक्षरं खाली-वर. ही मी. हे हि. म्हणजे हिराबाई, ८८८. कुठंही अडखळली नाही. मी टेप धरून फक्त आकडे म्हणत होतो.

मॅडम स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. कोपर दुमडलं. ९९२. टेबलावरच्या बाईला बोलावलं, ९४०. कारकून हसत होता, त्याला पण उभा केला. १०५६. "तुम्हालाही अकराशे जास्तच होतंय," मॅडम म्हणाल्या. तो हसायचा थांबला.

आक्षेप दाखल. पण आधार मूळ स्वरूपात जमा करावा लागतो. आवक रजिस्टरात लिहिलं : 'लाकडी दार, १ नग, पेन्सिलीच्या खुणांसह.' सही केली. पावती घेतली.

परत येताना टेम्पो रिकामा. सु. म्हणाली, "आज घराला कुलूप कुठं लावायचं?"

१४ जुलै

दाराच्या जागी ताडपत्री. वारा आला की फडफडते, पाऊस उंबऱ्याच्या आत. दुपारी हि.बाईची शेळी सरळ आत येऊन पिठाच्या डब्यात तोंड घालून उभी.
हि.बाई बाहेरून, "मिस्त्री, घर उघडं टाकून कुटं गेलता?"
"दार हापिसात हाय."
"दाराला नोकरी लागली व्हय? तुला न्हाई लागली ती."

येणारा-जाणारा विचारतो. प्रत्येकाला पूर्ण सांगतो. पेठेतल्या हार्डवेअरवाल्यानं तयार फायबरचं दार देऊ केलं, पैसे सवडीनं म्हणाला. नको म्हटलं. माझं दार येईल तेव्हा तेच लागेल.

१९ जुलै

पत्र आलं. आक्षेप 'अंशतः ग्राह्य'. निर्णयाआधी प्रात्यक्षिक. २४ तारखेला, रिह्यातल्याच एका खाचरात, आवणी होऊन पंचवीस दिवस झालेल्या भातात. माझं एक यंत्र, पात्र सप्लायरांपैकी एकाचं एक. दुसऱ्यानं येत नाही कळवलं. चालवायला 'स्थानिक महिला शेतकरी'.

हि.बाईला सांगायला वाडीवर गेलो. ती म्हणाली, "रोज बुडंल." म्हटलं, देतो. "तुझा नगं. सरकारनं द्यावा."
मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मी माझ्या खिशातून देते. हि.बाईला सांगितलं तर म्हणाली, "मंग येती. बाईचा पैसा हाय."

२४ जुलै

सगळं क्रमानं लिहितो.

सप्लायरचा माणूस वेळेवर आला. उंच, सहा फुटांच्या वर. गाडीतून यंत्र काढलं. हिरवा रंग, नावाची पितळी पट्टी, कोरं करकरीत. मला कार्ड दिलं, ते माझ्या ओल्या हातातून चिखलात पडलं. मुद्दाम नाही.

आधी त्यानं स्वतः चालवलं. पँट वर करून उतरला, याचं कौतुक. दोन ओळी छान नेल्या. त्याच्या अंगाला अकराशे बरोबर बसतंय. मी तसं मॅडमसमोर बोललो, खोटं कशाला? शंकूही चांगले फिरत होते. बेअरिंग माझ्यापेक्षा महाग आहे.

मग हि.बाईला दिलं. मूठ तिच्या छातीशी. तिनं अर्धी ओळ नेली, थांबली, मूठ खांद्यावर घेऊन बघितली, मग सगळ्यांकडं वळून :
"ह्ये कुनासाटी केलंय रं? आन् मी काय आरती ओवाळतीया का हात वर करून?"
बांधावरच्या बायका हसल्या. तिनं तरी एक ओळ पुरी केली. मग बांधावर टाकलं.

माझं घेतलं. पिन दुसऱ्या भोकात. पहिल्या ओळीला काही बोलली नाही. दुसरीला नाही. चौथ्या ओळीला बांधावरच्या दोघींशी लग्नाचं कायतरी बोलत बोलत पुढं गेली, यंत्राकडं बघतही नव्हती. तेवढं पुरे होतं. मॅडम घड्याळ लावून उभ्या.

सातव्या ओळीला पिन निसटली.

दांडा खाली बसला, पिन चिखलात. मी उतरलो, हातानं चाचपलं, नाही सापडली. ही भोकं पाडायला लागल्यापासून हे कधी झालं नव्हतं, असं लिहिणार होतो, पण खरं नाही. दोनदा झालंय. दोन्ही वेळा लोकांनी खिळा घातला आणि मला सांगितलं, आणि मी म्हटलं बघू.

सप्लायरचा माणूस बांधावरून नुसता बघत होता.

हि.बाईनं बांधावरच्या निरगुडीची काडी मोडली, भोकात घातली, उरलेल्या तीन ओळी संपवल्या. वर येऊन माझ्यावरच :
"शेळीला दावं असतंय, ह्याला का न्हाई? बांधून ठिवायचं की मिस्त्री. बुद्धी हाय ना तुला?"

मॅडम अहवाल लिहीत होत्या. पेन थांबवून हळूच, "पिनचं लिहू का?"
"लिहा."
"तुमच्या विरोधात जाईल."
"निसटली ती निसटली, मॅडम. मी तुमच्याकडं दारावरच्या रेघा खऱ्या म्हणून घेऊन आलो. आता पिन खोटी म्हणू?"
लिहिलं. 'सातव्या ओळीत उंची बदलण्याची पिन निसटली. काडी घालून काम पूर्ण झाले.' सह्या. हि.बाईचा अंगठा.

सप्लायरच्या माणसानं सही करताना माझ्याकडं परत एकदा बघितलं.

२५ जुलै

पिनेला दावं. १४० मिमी साखळी, एक टोक पिनेच्या डोक्याला, दुसरं दांड्याला रिव्हेट. दुपारपर्यंत तीन नमुने. तिसरा बरा. पिनेलाही टोकाला आडवी खाच. शंभर वेळा काढून घातली, सु. मोजत होती. निसटली नाही. नगामागं अकरा रुपयांचा फरक, दर तोच ठेवणार.

गावात गेलेल्या २१४ पैकी जेवढी सापडतील त्यांना बोलावून फुकट दावं लावायचं. आज दोन आली.

२७ जुलै

अहवाल वरच्या ऑफिसात गेला. मॅडम फोनवर म्हणाल्या, मुद्दा १७ बदलायचा तर सगळी निविदा नव्यानं काढावी लागेल, किंवा तसाच ठेवला तर उरलेल्यांत दर उघडतील. दोन्ही होऊ शकतं. त्यांची शिफारस त्यांनी लिहिली आहे. काय लिहिली ते विचारलं नाही.

दार कधी मिळेल विचारलं. "प्रकरण निकाली निघेपर्यंत नाही."

सहा कोळपी आली. दावी लावली.

२९ जुलै

सप्लायरचा माणूस घरी आला. एकटा. ताडपत्री बाजूला करून आत, बूट बाहेर. सु.नं चहा दिला. पहिला प्रश्न, "दार कुठंय?" सांगितलं. मान हलवली.

शांत बोलतो. म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही पिनचं लिहायला लावलंत. तेव्हाच ठरवलं, काम तुमच्याकडंच द्यायचं." तो मनापासून बोलत होता, हे लिहिलं पाहिजे. त्यांना बाहेरून आणलेल्या मालाच्या तक्रारी येतात. त्यांना बनवणारा पाहिजे. सगळेच्या सगळे नग मी बनवायचे. अर्धे पैसे आधी. पत्रा, पाइप त्यांच्या गाडीनं पोच. पुढच्या वर्षी दुसरे दोन तालुके, तेही मला.

मी विचारलं, पट्टी कुणाची?
"आमची. निविदा आमची आहे."
आणि आक्षेप?
"तो तुम्ही मागं घ्याल. नाहीतर वर्ष जाईल, कुणालाच काही नाही मिळणार. बायकांनाही नाही."
हे शेवटचं खरं असू शकतं. तेच टोचलं.

सु. कपबशी उचलायला आली होती. उभी राहिली.
"मूठ किती ठेवायची?"
"अकराशे, ताई. कागदावर तसं आहे ना. नंतर ज्यांना पाहिजे ते कापून घेतील."
"कापून कोण देणार?"
"ह्यांच्यासारखे आहेतच की गावोगावी."
ती कप घेऊन आत गेली. आतून आवाज, माझ्यासाठी, पण त्याला ऐकू जाईल एवढा : "मग हळदीकुंकवाला आलेल्यांना मी काय सांगू?"

त्यानं आकडा कागदावर लिहिला आणि कागद पाटावर ठेवला. म्हणाला, घाई नाही, उद्या सांगा.
मी म्हटलं, उद्या कशाला?

३० जुलै

ऑफिसकडून काही नाही. चार कोळपी आली, चारही दाव्याला बांधली. एक हि.बाईच्या भाचीचं. म्हणाली, आत्यानं सांगितलंय मिस्त्रीला विचार, दार कवा येतंय. म्हटलं, बघू.

ताडपत्रीला खालून लाकडी पट्टी ठोकली, आता कमी फडफडते.

पुढं कुणी विचारलं, मी किंवा बाळासाहेब किंवा हे वाचणारं कुणी, तर आकड्यात घोळ नको, म्हणून त्याच्या कागदावरून बघून लिहून ठेवतो. कागद वहीला टाचला आहे.

अकराशेची मूठ, वेल्ड केलेली. त्यांची पट्टी. आक्षेप मागं. ६१२ नग, नगाला २,१५०, म्हणजे मी स्वतः भरलेल्या दरापेक्षा साठ रुपये जास्तच. निम्मे आगाऊ. काल उंबऱ्यापाशी उभं राहून नाही म्हटलं, ते एकूण तेरा लाख पंधरा हजार आठशे रुपयांना.